इगतपुरीच्या बंगल्यात हॉट टब किंवा छोटा जलतरण तलाव : परवानगी कोणाची, नियम कोणते?

मुंबईहून सुमारे १२० आणि नाशिकहून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले इगतपुरी पूर्वी कसारा घाट, रेल्वे आणि विपश्यना केंद्र यांमुळे ओळखले जाई. आता त्यात सुट्टीच्या बंगल्यांची भर पडली आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकरांसाठी हा भाग आणखी जवळ आला. धुके, पाऊस आणि डोंगर पाहत गरम पाण्यात बसता यावे, म्हणून अनेक जण बंगल्याबरोबर हॉट टब, जाकुझी किंवा छोटा तलावही मागतात.

विक्रेता टब दोन दिवसांत बसवून देतो. मात्र खाली दिलेली माहिती आधी तपासली नाही, तर बांधकाम अनधिकृत ठरणे, स्लॅबला तडे जाणे, विजेचा धक्का बसणे किंवा लहान मूल बुडणे यांपैकी काहीही घडू शकते.

हॉट टब, जाकुझी आणि तलाव : फरक काय?

‘जाकुझी’ हे मुळात एका कंपनीचे नाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या जकुझी बंधूंनी ही कंपनी १९१५ मध्ये सुरू केली. पुढे त्यांच्या पाण्याच्या झोतांच्या टबमुळे ते नाव सगळ्याच टबांना चिकटले. नियमांच्या दृष्टीने मात्र चार प्रकार वेगळे धरावे लागतात.

- न्हाणीघरातला झोतांचा टब : प्रत्येक वेळी भरायचा आणि रिकामा करायचा. यात प्रश्न फक्त नळजोडणी, निचरा आणि विजेचा असतो.
- सुटा हॉट टब : फायबर किंवा ॲक्रिलिकचा तयार टब किंवा हवा भरून उभा करायचा टब. पाणी आठवडेच्या आठवडे तेच राहते. गाळणी, हीटर आणि औषधे लागतात. चार-सहा जणांच्या टबमध्ये साधारण १,००० ते १,५०० लिटर पाणी मावते.
- जमिनीत बसवलेला टब : खड्डा, काँक्रीट, पाइप आणि पंपाची खोली आली.
- छोटा तलाव : पूर्ण आरसीसी बांधकाम.

पहिल्या दोन प्रकारांत सहसा बांधकाम परवानगीचा प्रश्न येत नाही, कारण जमिनीत काही बांधले जात नाही. मात्र सुट्या टबसाठी कायमचा ओटा, छप्पर किंवा खोली उभारली, की तो प्रश्न येतो. शेवटच्या दोन प्रकारांना परवानगी लागतेच.

कायदा काय म्हणतो?

घरगुती हॉट टबसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा नाही. तो वेगवेगळ्या कायद्यांच्या कक्षेत विखुरलेला आहे. मुख्य कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्यातील ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा जमिनीखाली केलेले बांधकाम व अभियांत्रिकी काम येते. म्हणजे भिंत नाही, छप्पर नाही, नुसता खड्डा आहे, हा युक्तिवाद टिकत नाही.

या कायद्याच्या कलम ४४ नुसार अर्ज करावा लागतो. कलम ४५ नुसार नियोजन प्राधिकरण मंजुरी देते, अटींसह देते किंवा नाकारते. मंजुरीची मुदत एक वर्षाची असते आणि ती वाढवून घेता येते. विनापरवाना काम केल्यास कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. दंडाची रक्कम लहान आहे, पण तोडकामाचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

किती जागा सोडायची, काय बांधता येते, याचे तपशील एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. ती ‘यूडीसीपीआर’ या नावाने ओळखली जाते आणि डिसेंबर २०२० पासून लागू आहे. मुंबई महापालिका, एमआयडीसी, गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेले पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र यांसारखे भाग तिच्यातून वगळलेले आहेत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी पुन्हा प्रसिद्ध केला. त्याचा रोख खाणी, प्रदूषणकारी उद्योग आणि २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकाम प्रकल्पांवर आहे, एखाद्या घरावर नाही. तरीही डोंगराळ गावात जागा घेताना गाव या यादीत आहे का, हे पाहून ठेवावे.

अर्ज कोणाकडे करायचा?

इगतपुरीत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पत्त्यावर ‘इगतपुरी’ लिहिले म्हणून जागा नगरपरिषदेच्या हद्दीत असतेच असे नाही. बहुतेक व्हिला प्रकल्प शहराबाहेरच्या गावांत आहेत.

१. शहराच्या हद्दीत : इगतपुरी नगरपरिषद.
२. तालुक्यातील काही गावांत : नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए.
३. उरलेल्या ग्रामीण भागात : प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात कलम १८ नुसार जिल्हाधिकारी. अर्जाची छाननी महसूल आणि नगररचना कार्यालयांतून होते.
४. गावठाणाच्या आत : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायत.

चौथ्या मुद्द्यावर अनेकांची फसगत होते. जागा गावठाणाबाहेर असताना फक्त ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला दाखवून ‘परवानगी आहे’ असे सांगितले जाते. गावठाणाबाहेर तो दाखला बांधकाम परवानगीची जागा घेऊ शकत नाही. ग्रामपंचायतीने घरपट्टी आकारली म्हणूनही बांधकाम अधिकृत होत नाही. करआकारणी आणि मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्यामुळे गावाच्या साधनसंपत्तीबाबत ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. शिवाय आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला हस्तांतरित करण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे कडक निर्बंध आहेत. जमिनीचा व्यवहारच सदोष असेल, तर तिच्यावर काय बांधले, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

सातबारा शेतीचा असेल तर?

‘फार्महाउस’ हा शब्द जाहिरातीत ऐसपैस वापरला जातो. जमीन महसूल संहितेत मात्र ‘शेतघर’ म्हणजे अवजारे, खत, पीक ठेवण्यासाठी, जनावरांसाठी आणि शेतकरी कुटुंबाच्या किंवा मजुरांच्या राहण्यासाठी बांधलेली वास्तू. त्यासाठी साधारणपणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकराच्या आसपास जमीन लागते आणि बांधकामाच्या क्षेत्रावर मर्यादा असते. करमणुकीचा तलाव हा शेतीचा अविभाज्य भाग नाही. शेततळे म्हणून खोदून त्याला फरशी आणि दिवे लावले, तरी वापर बदलतो आणि कलम ४५ नुसार अनधिकृत अकृषिक वापराचा दंड लागू शकतो.

विकास योजना किंवा प्रादेशिक योजनेत जागा रहिवासी वापराची असेल, तर संहितेच्या कलम ४२-अ ते ४२-ड मुळे अकृषिक परवानगीची जुनी प्रक्रिया बरीच सोपी झाली आहे. पण रूपांतर कर भरून तशी नोंद सातबाऱ्यावर आली आहे का, हे पाहावे. जागा कोणत्या विभागात आहे, हे सांगणारा झोन दाखला नगररचना कार्यालयातून मिळतो. खरेदीआधी तो घेतलेला बरा.

मुरूम आणि कातळ

आठ बाय चार मीटरच्या तलावासाठी भिंती आणि तळ धरून नऊ बाय पाच मीटरचा, १.६ मीटर खोल खड्डा घेतला, तर ७२ घनमीटर, म्हणजे सुमारे २५ ब्रास माल निघतो. तो त्याच जागेत भरावाला वापरला तर फारशी अडचण येत नाही. बाहेर नेला किंवा विकला, तर तो गौण खनिज ठरतो. त्यासाठी स्वामित्वधन आणि वाहतूक परवाना लागतो. परवान्याविना डंपर सापडल्यास महसूल विभाग कलम ४८(७) खाली कारवाई करतो. खाली कातळ लागला म्हणून सुरुंग लावायचा असेल, तर स्फोटकांची वेगळी परवानगी लागते. ठेकेदार ‘बघून घेऊ’ म्हणाला, तरी नोटीस जमीनमालकालाही येते.

पाणी कुठून आणणार?

इगतपुरी तालुका राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. दारणा, भावली, मुकणे, ऊर्ध्व वैतरणा अशी धरणे याच परिसरात आहेत. तरीही उन्हाळ्यात इथल्या अनेक वाड्या-पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या पट्ट्याला चपखल बसते. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, दारणेचे नाशिक व अहिल्यानगरच्या शेतीला आणि पुढे गोदावरी खोऱ्यात. जमिनीखाली काळा बेसाल्ट असल्याने पाणी मुरते कमी आणि उतारावरून वाहून जाते जास्त.

आठ बाय चार मीटर आणि १.२ मीटर खोलीच्या तलावात ३८,४०० लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी गृहीत धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी पाच जणांच्या कुटुंबाला सुमारे १४० दिवस पुरते. उन्हाळ्यात रोज फक्त पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून दिवसाला १६० लिटर पाणी उडून जाते. १,३०० लिटरच्या टबचे गणित यापेक्षा कितीतरी सौम्य आहे. शिवाय टबावर झाकण ठेवता येते.

बोअर घेण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ लक्षात घ्यावा. हा कायदा १ जून २०१४ पासून लागू आहे. तो विहिरींच्या नोंदणीची तरतूद करतो, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण देतो आणि ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घालतो. टंचाईच्या काळात प्रशासन पाणी उपशावर आणखी बंधने आणू शकते. ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर पर्जन्य जलसंधारणाची अट असते. पावसाचे छतावरचे पाणी साठवून गाळून तलावात वापरल्यास दोन्ही कामे होतात.

पाण्याचे वजन

गच्चीवर किंवा पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत टब ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते. हिशेब असा : १,३०० लिटर पाणी म्हणजे १,३०० किलो. टबचे वजन २५० किलो आणि पाच माणसांचे ३२५ किलो धरले, तर एकूण १,८७५ किलो. टब २.१ मीटर लांब-रुंद असेल, तर दर चौरस मीटरवर सुमारे ४२५ किलो भार येतो.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार घराच्या खोल्यांची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भारासाठी, तर वापराची सपाट गच्ची साधारण १५० किलोसाठी धरली जाते. म्हणजे टबचा भार खोलीच्या दुप्पट आणि गच्चीच्या जवळपास तिप्पट होतो. म्हणून संरचना अभियंत्याचा लेखी दाखला घेतल्याशिवाय टब वर चढवू नये. सोसायटी किंवा व्हिला संकुल असेल, तर संस्थेची लेखी परवानगीही लागते.

जमिनीतल्या तलावाला इगतपुरीत उलटा धोका असतो. पावसाळ्यात जमिनीतली पाण्याची पातळी वर येते. अशा वेळी तलाव रिकामा असेल, तर खालून येणारा दाब संपूर्ण कवच वर उचलू शकतो. यासाठी तळाशी दाब सोडणारी झडप आणि भोवती निचऱ्याची चर हवी. जून ते सप्टेंबरमध्ये सफाईसाठीही तलाव पूर्ण रिकामा करू नये.

वीज : इथे काटकसर नको

१,३०० लिटर पाणी २० अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे २७ युनिट वीज लागते. तीन किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी नऊ तास लागतात. हीटर, पंप आणि हवेचा ब्लोअर एकत्र धरून महावितरणकडे मंजूर भार पुरेसा आहे का, हे पाहावे. नसल्यास आधी वाढवून घ्यावा. सहा किलोवॉटच्या हीटरला सहसा थ्री फेज जोडणी लागते.

काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात :

- टबसाठी स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.
- योग्य अर्थिंग. जवळचे धातूचे कठडे, शिडी, पाइप एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेले.
- पाण्याच्या आतले दिवे १२ व्होल्टचेच.
- काठापासून दोन मीटरच्या आत साधा सॉकेट किंवा बटण नाही.
- एक्स्टेंशन बोर्डावर टब चालवायचा नाही.

मुलांची सुरक्षा

लोणावळा परिसरात भाड्याने दिलेल्या बंगल्यांतील तलावांत लहान मुले बुडून दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. मोठी माणसे जेवणात किंवा सामान लावण्यात गुंतलेली असतात आणि मूल आवाज न करता पाण्यात जाते. याबाबत परदेशातले नियम पाहण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलियात ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी साठवू शकणाऱ्या घरगुती तलावाला किंवा स्पाला कुंपण लागते. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने जमिनीतल्या खासगी तलावांना कुंपण, झाकण, गजर किंवा बंदिस्त छत यांपैकी एक सक्तीचे केले.

दुसरा धोका तळाच्या निचऱ्याचा. एकाच तोंडातून पंप पाणी ओढत असेल, तर केस किंवा शरीर त्यावर चिकटून माणूस पाण्याखाली अडकू शकतो. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात हॉट टबमध्ये अशीच दगावली. त्यानंतर तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे निचऱ्याच्या जाळ्यांबाबत कायदा झाला. आपल्याकडे ठेकेदाराला स्पष्ट सांगावे : तळाला दोन तोंडे, एकमेकांपासून किमान तीन फूट अंतरावर, आणि दोन्हींवर फुगीर, न तुटलेली जाळी.

किमान चार फुटांचे कुंपण, आतून आपोआप बंद होणारे फाटक, टबला कुलपाचे झाकण आणि पंप बंद करण्याचे बटण हाताशी : या चार गोष्टी कागदावर कोणी मागो न मागो, कराव्यात. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पाण्याची स्वच्छता आणि निचरा

गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतो आणि जंतू लवकर वाढतात. टबमध्ये क्लोरीन किमान ३ पीपीएम, साध्या तलावात किमान १ पीपीएम आणि पीएच ७.० ते ७.८ ठेवावा. तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नये. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि मद्यपान केलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबात बसू नये. पाच वर्षांखालील मुलांना टबात बसवूच नये.

क्लोरीनचे पाणी ओढ्यात किंवा शेजारच्या भातखाचरात सोडू नये. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात प्रदूषक सोडण्यास बंदी आहे. औषध टाकणे थांबवून पाणी काही दिवस उन्हात राहू द्यावे आणि क्लोरीन उतरल्याचे पट्टीने तपासून आपल्याच बागेत वापरावे. महिनोन्‌महिने बंद बंगल्यातला तलाव डासांची पैदास करतो. म्हणून मालक नसतानाही देखभालीची सोय हवी.

बंगला भाड्याने दिला तर?

आठवड्याच्या शेवटी पाहुण्यांना बंगला दिला, की घरगुती वापर संपतो. घरगुती वीजजोडणीवर व्यावसायिक वापर आढळल्यास वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. मंजूर वापर, मालमत्ता कर आणि पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी हे प्रश्नही येतात. तलावाची खोली दाखवणारा फलक, दोरी बांधलेला तरंगक, प्रथमोपचार पेटी आणि पोहता येणारा जबाबदार माणूस या गोष्टी अशा ठिकाणी अनिवार्य समजाव्यात.

काम सुरू करण्याआधीची यादी

१. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा.
२. झोन दाखला आणि नियोजन प्राधिकरण कोणते, याची लेखी खात्री.
३. बंगल्याचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. तयार व्हिला घेताना तलाव नकाशात दाखवला आहे का, हे मुद्दाम पाहावे.
४. वास्तुविशारदाचा सुधारित नकाशा; त्यात टब किंवा तलाव, पंपाची खोली, हद्दीपासूनचे अंतर आणि निचरा.
५. संरचना अभियंत्याचा दाखला.
६. प्रारंभ प्रमाणपत्र हातात आल्यावरच खोदकाम.
७. पाण्याचा स्रोत, वीजभार आणि निचरा यांची सोय.
८. काम झाल्यावर पूर्णत्वाची नोंद आणि वीज चाचणीचा अहवाल.

यातली निम्मी कागदपत्रे बंगला घेतानाच हाती येतात. ती एका फाइलीत ठेवली, तर नकाशातला बदल मंजूर करून घेणे सोपे जाते आणि पुढे बंगला विकतानाही खरेदीदाराच्या वकिलाला उत्तर देता येते.